पितळेत ओतलेली आठवण: एदो लोकांचा राजा आणि परत येणाऱ्या मूर्तींचा वाद

जून 2025 मध्ये नेदरलँड्सने नायजेरियाला 119 वस्तू परत केल्या. पितळेच्या मूर्ती होत्या, कोरलेले हस्तिदंत होते, राजदरबारातल्या इतर चिजा होत्या. 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन नावाच्या राज्यातून लुटून नेलेला हा माल, हातोहात विकला जात नेदरलँड्सच्या संग्रहालयांत पोचला होता. त्याआधी जर्मनीने एक हजाराहून अधिक वस्तूंची मालकी सोडली होती. सव्वाशे वर्षांनी घरचं घरी येत होतं.

मग नोव्हेंबर 2025 मध्ये बेनिन सिटी या शहरात एका मोठ्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाची तयारी सुरू असताना आंदोलक आवारात घुसले. परदेशी पाहुण्यांना बाहेर काढावं लागलं, उद्घाटन पुढे ढकललं गेलं. घोषणा देणारे म्हणत होते की या जागेला 'बेनिन राजसंग्रहालय' म्हणा, आमच्या ओबाचा, म्हणजे राजाचा, मान राखा.

बातमी वाचून साहजिकच प्रश्न पडतो की चोरीचा माल परत येतोय तर घरात आनंद हवा, हे भांडण कसलं? ते कळायचं तर मूर्तींच्या आधी राजा समजून घ्यावा लागतो. एदो लोकांमध्ये माणूस राजा कसा होतो, हे एकदा लक्षात आलं की पितळेचा वाद बराचसा उलगडतो.

आधी नावाचा घोळ

नकाशात 'बेनिन' शोधलंत तर नायजेरियाच्या पश्चिमेला त्या नावाचा एक स्वतंत्र देश दिसेल. आपला विषय तो नव्हे. त्या देशाचं नाव 1975 पर्यंत दाहोमी होतं. समोरच्या आखातावरून त्याने बेनिन हे नाव घेतलं. जुनं बेनिन राज्य आजच्या नायजेरियात होतं. त्याची राजधानी बेनिन सिटी लागोसच्या पूर्वेला सुमारे 300 किलोमीटरवर आहे, आणि आज ती एदो या घटकराज्याची राजधानी आहे. तिथल्या मूळ लोकांचं आणि त्यांच्या भाषेचं नावही एदोच.

दुसरा घोळ 'बेनिन ब्राँझ' या नावात आहे. ब्राँझ म्हणजे कांसं, तांबं आणि कथील यांचं मिश्रण. या मूर्ती बहुतांशी पितळेच्या आहेत, म्हणजे तांबं आणि जस्त. शिवाय त्याच नावाखाली हस्तिदंत आणि लाकडाच्या वस्तूही खपून जातात. मी पुढे सरळ पितळच म्हणेन.

तिसरा शब्द 'ओबा'. ओबा म्हणजे राजा. पण नुसता राज्यकर्ता नव्हे. पूर्वज आणि जिवंत माणसं यांच्यामधला दुवा तोच.

आकाशाचे राजे आणि परत गेलेला राजपुत्र

एदो परंपरा सांगते की ओबांच्या आधी 'ओगिसो' राज्य करत. ओगिसो म्हणजे आकाशाचा राजा. शेवटचा ओगिसो ओवोडो. त्याची राजवट लोकांनी उलथवली आणि काही काळ गादी रिकामी राहिली. मग योरुबा लोकांच्या इफे या पवित्र नगरीतून ओरानमियान नावाचा राजपुत्र आला. त्याचं इथे जमलं नाही. या भूमीला त्याने 'चिडचिडीची भूमी' म्हटलं, आणि इथल्या मातीत जन्मलेलाच इथे राज्य करू शकेल असं सांगून तो परत गेला. मागे राहिली एगोर गावची एरिनम्विंडे आणि तिच्या पोटी झालेला त्याचा मुलगा.

मुलगा बोलत नव्हता. बापाने त्याच्यासाठी खेळायच्या सात बिया पाठवल्या. आपल्याकडे गोट्या खेळतात तसा नेम धरून बिया मारायचा तो खेळ. मुलाचा नेम बरोबर बसला आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द फुटला: 'लागला!' त्या उद्गारातूनच त्याचं नाव एवेका पडलं असं सांगतात. साधारण इसवी सन 1200 च्या सुमाराचा हा पहिला ओबा, आणि आजचं घराणं त्याच्यापासून स्वतःला मोजतं.

इथे एक जुना वाद आहे. इफेचे लोक म्हणतात, बेनिनचं राजघराणं आमच्या मूळपुरुष ओदुदुवाचं, कारण ओरानमियान त्याचा वंशज. एदो लोक उलट सांगतात की ओदुदुवा हाच मुळात आमच्या शेवटच्या ओगिसोचा हद्दपार झालेला मुलगा एकालादेरहान. म्हणजे ओरानमियान परका नव्हता, आपल्याच आजोबांच्या घरी आला होता. दोन्ही बाजूंनी यावर आजही हिरिरीने बोललं जातं. मला यातलं लक्षात ठेवण्यासारखं वाटतं ते वेगळंच. बाप कुठलाही असो, आई इथल्या मातीची असल्याशिवाय राजा होत नाही, हे दोन्ही कथांना मान्य आहे. एवेका आईजवळ जिथे वाढला तिथलं 'उसे' हे ठिकाण आजही महत्त्वाचं आहे. नवा ओबा आपलं राजनाव घ्यायला तिथेच जातो.

माणूस ओबा कसा होतो

राज्याला खरा आकार दिला पंधराव्या शतकातल्या ओबा एवुआरेने. साधारण 1440 ते 1473 ही त्याची कारकीर्द. त्याने राज्य वाढवलं, शहराची नवी आखणी केली, तटखंदक मजबूत केले. या तटाची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. मुख्य शहराभोवतीच्या खंदकाच्या तळापासून मातीच्या बांधाच्या माथ्यापर्यंतची उंची काही ठिकाणी सुमारे 17 मीटर भरली आहे, म्हणजे पाचमजली इमारतीएवढी. हे सगळं माणसांनी हाताने खणलेलं. दरबारातलं पोवळ्याचं वैभव आणि डिसेंबरमधला 'इगुए' हा राजोत्सव ही परंपराही त्याच्याशीच जोडली जाते.

दरबाराची मांडणी समजायला आपल्या गावच्या जत्रेची आठवण पुरे. पालखीचा मान एका घराकडे, निशाणाचा दुसऱ्याकडे, पहिला नारळ तिसऱ्याकडे. पैसा किंवा सत्ता कोणाकडेही असो, मान ज्याचा त्याचाच. बेनिनमध्येही तसंच आहे. सात वंशपरंपरागत सरदार 'उझामा' म्हणून ओळखले जातात आणि नव्या राजाला गादीवर बसवायचा मान त्यांचा. परंपरा त्यांना ओगिसोंच्या काळापासूनचे, म्हणजे राजघराण्याहून जुने मानते. त्यांच्याखेरीज राजवाड्याचे सरदार वेगळे आणि नगराचे वेगळे. नगराच्या सरदारांचा प्रमुख 'इयासे'. राजाला तोंडावर विरोध करायचा हक्क परंपरेने त्याच्याकडे.

राजा वारला तरी 'राजा वारला' असं कोणी म्हणत नाही. एदो लोक पांढरा खडू शुभ मानतात, पूजेत वापरतात. एप्रिल 2016 मध्ये ओबा एरेदिआउवा यांच्या निधनाची घोषणा झाली ती अशी: ज्येष्ठ सरदाराने खडू जमिनीवर आपटून फोडला आणि 'खडू फुटला' एवढंच सांगितलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

मग थोरल्या मुलाची पाळी. युवराजाला 'एदाइकेन' म्हणतात आणि त्याचं घर राजवाड्यापासून दूर उसेलू भागात असतं. तिथून तो पायी निघतो. वाटेत एक ताडजातीचं झाड लागतं, त्यावर चढण्याचा विधी त्याला करावा लागतो. त्या झाडाच्या नावाचा अर्थ, आपल्या शब्दांत सांगायचा तर, कष्टाशिवाय भाकर नाही. पुढे 'एको ओहाए' म्हणजे ब्रह्मचाऱ्यांच्या तळावर तीन रात्रींचा मुक्काम. त्यानंतर उसामा, जिथे उझामा सरदार त्याला राजपद देतात. उसे इथे नाव ठरतं. आणि राजवाड्यात शिरण्याआधी एक लुटुपुटीची लढाई.

या लढाईपाशी थोडं थांबायला हवं. ओगिसोंनंतर राज्यकारभार पाहणारं एक स्थानिक घराणं होतं, ओगियामिएन. बाहेरून आलेल्या नव्या वंशाला त्याने विरोध केला. ओबा एवेडोने त्याच्याशी झुंजून तोडगा काढला. गोष्ट सातशे वर्षांपूर्वीची. पण आजही प्रत्येक नवा ओबा ओगियामिएनच्या वंशजाशी ती लढाई पुन्हा खेळतो, जिंकतो, दोघांत भेटवस्तूंची देवाणघेवाण होते आणि मगच तो पुढे जातो. म्हणजे राज्य आपल्याला आपोआप मिळालेलं नाही, इथे आपल्याआधी कोणीतरी होतं, हे प्रत्येक राजाला भर रस्त्यात, हजारो लोकांसमोर मान्य करावं लागतं. जेत्याने हरलेल्याची आठवण इतकी शतकं जपल्याची उदाहरणं मला फार ठाऊक नाहीत.

20 ऑक्टोबर 2016 रोजी गादीवर आलेले आजचे ओबा एवुआरे द्वितीय यांनीही ही वाट धरली. अंगोला, स्वीडन आणि इटलीत नायजेरियाचे राजदूत राहिलेला, साठी ओलांडलेला माणूस. तरी झाडापासून लढाईपर्यंत त्यांना काही चुकलं नाही.

राजमाता इदिया

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ओबा एसिगिए गादीवर आला तेव्हा त्याचा भाऊ अरहुआरान उठला होता आणि उत्तरेकडून इदाहचं राज्य चाल करून येत होतं. दोन्ही संकटांत आई इदिया त्याच्यामागे उभी राहिली. सल्ला, मंत्रतंत्र आणि औषधी यांचं तिचं ज्ञान आजही गायलं जातं. तोवर नव्या राजाच्या आईला राजकारणात जागा नव्हती. एसिगिएने तिच्यासाठी 'इयोबा' म्हणजे राजमाता हे पद निर्माण केलं आणि उसेलूला तिचा स्वतंत्र वाडा उभा राहिला.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला, तिचा म्हणून ओळखला जाणारा हस्तिदंती मुखवटा जेमतेम वीतभर आहे. कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या जडवल्या आहेत, नजर किंचित खाली. केसांवरच्या मुकुटात दाढीवाल्या पोर्तुगिजांची डोकी कोरली आहेत; न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या त्याच्या जुळ्या मुखवट्यात तर डोकी आणि चिखलमासे आळीपाळीने आहेत. चिखलमासा पाण्यात जगतो आणि जमिनीवरही; समुद्रापलीकडून आलेले पोर्तुगीजही कारागिराला तसेच दोन जगांतले प्राणी वाटले. 1977 मध्ये लागोसला आफ्रिकी कलांचा मोठा महोत्सव झाला आणि लंडनचा हा मुखवटा त्याचं बोधचिन्ह होता. नायजेरियाने तो महोत्सवापुरता मागितला. ब्रिटिश म्युझियमने दिला नाही. शेवटी बेनिनच्याच कारागिराकडून प्रतिकृती करून घेतली गेली.

कवड्या, कडी आणि पोर्तुगीज

पोर्तुगीज बेनिनला 1486 च्या सुमारास पोचले, म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागण्याच्या बाराएक वर्षं आधी आणि गोवा जिंकण्याच्या चोवीस वर्षं आधी. इथे आपला एक खरा धागा आहे. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या पोर्तुगीज जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत गेल्या आणि चलन बनल्या. ज्या जातीची कवडी आपल्याकडे भवानीच्या माळेत ओवली जाते, तीच. एदो भाषेत कवडीला 'इघो' म्हणतात आणि पैशालाही इघोच.

दुसरा माल म्हणजे पितळेची कडी, नालाच्या आकाराची. त्यांच्या बदल्यात पोर्तुगीज मिरी, हस्तिदंत आणि गुलाम घेऊन जात. ही कडी वितळवूनच बेनिनच्या पुष्कळशा मूर्ती घडल्या. हे पितळ जर्मनीतल्या ऱ्हाईनलँडच्या खाणींकडचं असल्याचं 2023 मध्ये रासायनिक तपासणीतून दिसलं. ऱ्हाईनच्या काठची धातू आफ्रिकेत मूर्ती झाली आणि लुटीनंतर पुन्हा जर्मनीच्या संग्रहालयात जाऊन बसली.

आठवणे म्हणजे ओतणे

एदो भाषेत 'आठवणे' यासाठी 'सा-ए-य-आमा' असा शब्दप्रयोग आहे. त्याचा शब्दशः अर्थ होतो पितळेत आकृती ओतणे. लेखाचा सगळा गाभा माझ्या दृष्टीने या एका शब्दात आहे.

ओतायची रीत आपल्याला परकी नाही. बस्तरचे, गडचिरोलीचे डोकरा कारागीर जे करतात तेच. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाची मूर्ती घडवायची, अगदी मण्यामण्याची नक्षी मेणात उठवायची. वर मऊ मातीचे थर द्यायचे, भोक ठेवायचं, भट्टीत तापवायचं. मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत पातळ धातू ओततात. थंड झाल्यावर साचा फोडतात. साचा फुटला की संपला, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. हे काम बेनिन सिटीत इगुन नावाच्या रस्त्यावरची घराणी पिढ्यानपिढ्या करत आली आहेत. पूर्वी ती फक्त ओबासाठी ओतत. परवानगीवाचून दुसऱ्यासाठी काम करणं गुन्हा होता. आज ती जुने नळ आणि भंगारातलं पितळ वितळवून कोणालाही मूर्ती करून देतात, पण भट्ट्या त्याच रस्त्यावर आहेत.

ओतायचं काय? राजवाड्याच्या खांबांना पितळी पाट जडवलेले असत. त्यांवर लढाया, सरदार, दूत, पोर्तुगीज व्यापारी, शिकार. डच लेखक ओल्फर्ट डापर याने 1668 च्या ग्रंथात अशा खांबांचं वर्णन केलं आहे. तो स्वतः तिथे गेला नव्हता, प्रवाशांकडून ऐकून लिहीत होता, तरी खांबांचा तपशील त्याच्यापर्यंत पोचला होता. कोणत्या सरदाराने कोणती माळ घालायची, कोण राजाच्या उजवीकडे, कोण डावीकडे, हे सगळं त्या पाटांत नोंदलेलं. आपल्याकडे पेशवे दफ्तर कागदांचं. त्यांचं दफ्तर पितळेचं.

आणि नव्या ओबाचं पहिलं मोठं कर्तव्य वडिलांची वेदी उभारणं. त्या वेदीवर पितळेचं मस्तक बसवायचं, मस्तकाच्या माथ्यावरच्या भोकात कोरलेला हस्तिदंत उभा करायचा. आपल्या घरांत देव्हाऱ्यात पूर्वजांचे चांदीचे टाक असतात, ते आठवा. टाक दागिना नव्हे, चांदीचा भाव काढून कोणी तो मोजत नाही. सणाला त्याला नैवेद्य दाखवतात, लग्न ठरलं की आधी त्याच्यापुढे अक्षता ठेवतात. उद्या कोणी घरात घुसून देव्हारा उचलून नेला, टाक काचेच्या कपाटात मांडले आणि खाली 'चांदीचा ठोकीव पत्रा, पश्चिम भारत' अशी चिठ्ठी लावली, तर तिथली रांग कितीही लांब असो, आपल्याला काय वाटेल? बेनिनच्या राजघराण्याचं म्हणणं याहून वेगळं नाही.

1897: नेमकं काय घडलं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किनारपट्टी ब्रिटिशांच्या ताब्यात होती आणि ओबा ओवोनराम्वेन पामतेलाच्या व्यापारावर आपल्या अटी घालत होता. 1892 मध्ये त्याच्याकडून एक करारनामा करून घेतला होता, पण व्यापार ब्रिटिशांना हवा तसा मोकळा झाला नाही. नोव्हेंबर 1896 मध्ये प्रभारी कॉन्सल जनरल जेम्स फिलिप्स याने लंडनला पत्र लिहून ओबाला पदच्युत करण्याची परवानगी मागितली. मोहिमेचा खर्च भागेल इतकं हस्तिदंत राजवाड्यात सापडेल, असंही त्यात लिहिलं. हे पत्र उपलब्ध आहे, म्हणून नंतर जे घडलं ते केवळ सूडातून घडलं असं म्हणता येत नाही.

उत्तराची वाट न पाहता तो निघाला. इगुए उत्सव चालू होता, त्या दिवसांत ओबा परक्याला भेटत नाही. येऊ नका असे निरोप गेले, तरी तो थांबला नाही. जानेवारी 1897 च्या सुरुवातीला काही सरदारांच्या माणसांनी वाटेत हल्ला केला. नऊ गोऱ्यांपैकी सात मारले गेले, आणि त्यांच्यासोबतचे बहुसंख्य आफ्रिकी हमालही. त्या हमालांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

सहा आठवड्यांत अॅडमिरल रॉसनच्या हाताखाली सुमारे 1,200 जणांची फौज मॅक्सिम तोफा घेऊन आली. 18 फेब्रुवारीला शहर पडलं, तीन दिवसांनी आग लागून राजवाड्यासकट बराच भाग भस्मसात झाला. वेद्यांवरची मस्तकं, हस्तिदंत, शेकडो पाट जहाजांवर चढले. मोहिमेचा खर्च काढायला सरकारने त्यांतलं बरंच विकलं, अधिकाऱ्यांनी आपापला वाटा ठेवला. पुढे या वस्तू जगभर विखुरल्या. 2022 मध्ये खुल्या झालेल्या एका सार्वजनिक डिजिटल यादीत 20 देशांतल्या 131 संस्थांत मिळून त्यांची संख्या 5,246 भरली. एकट्या ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे 900 आहेत.

ओवोनराम्वेनला कालाबारला हद्दपार केलं. तो तिथेच जानेवारी 1914 मध्ये वारला. सतरा वर्षं गादी रिकामी राहिली. त्याच वर्षी ब्रिटिशांनी त्याच्या मुलाला एवेका द्वितीय म्हणून बसवू दिलं. त्याने राजवाडा पुन्हा बांधला, इगुनच्या भट्ट्या पेटवल्या.

"पण तिथे नरबळी देत होते ना?"

हा आक्षेप हमखास येतो, आणि टाळायचा नाही. हो, बेनिनमध्ये नरबळी होत असत. 1897 मध्ये फौजेला त्याच्या खुणा दिसल्या आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्या रंगवून छापल्या. पण एदो परंपरेने स्वतः याबद्दल काय जपलंय तेही पाहावं. 1700 च्या सुमाराचा ओबा एवुआक्पे. आईच्या अंत्यविधीत त्याने बेसुमार माणसं मारली म्हणून लोकांनी त्याला वाळीत टाकलं, राजवाडा ओस पडला. गादी परत मिळावी म्हणून त्याची राणी इडेन हिने स्वतःला जिवंत पुरून घेतलं असं सांगतात. तिची समाधी बेनिन सिटीच्या बाजारात आहे. म्हणजे मर्यादा ओलांडणाऱ्या राजाला प्रजेने धडा शिकवल्याची गोष्ट त्यांच्याच इतिहासात आहे. आणि नरबळी बंद करायला गेलेल्या फौजेने हस्तिदंताची मोजदाद का करावी, याचं उत्तर फिलिप्सच्या पत्रात आहे.

"गुलामांच्या मोलाचं पितळ, मग मालकी राजाची कशी?"

हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांच्या एका गटाने तो घेतला आहे. त्यांचं म्हणणं असं की आमच्या पूर्वजांना विकून मिळालेल्या कड्यांतून या मूर्ती झाल्या. त्यांवर आमचाही हक्क आहे. बेनिनने सोळाव्या शतकात पुरुष गुलाम परदेशी विकायला बंदी घातली आणि ती दीर्घकाळ टिकली, हे खरं. पण त्याआधी आणि नंतर व्यापार झाला हेही खरं. या वंशजांना पितळ लंडनला किंवा न्यूयॉर्कला राहायला हवं आहे, कारण तिथे ते बघू शकतात. माझं मत असं की त्यांची वेदना खरी आहे, तिची नोंद बेनिन सिटीतल्या संग्रहालयातही ठळकपणे व्हायला हवी; पण लुटीचा माल लुटारूकडे राहिल्याने त्यांना न्याय मिळत नाही.

"ब्रिटिश म्युझियम का देत नाही?"

ते कायद्याकडे बोट दाखवतं. 1963 च्या कायद्यानुसार त्याला संग्रहातली वस्तू मोजके अपवाद सोडता देऊन टाकता येत नाही. मग राहतं उसनं देणं. हा प्रकार महाराष्ट्राला माहीत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडची वाघनखं 2024 मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. ती पाहायला रांगा लागल्या, आणि तरी ती परत जायची आहेत हे रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बेनिनचे लोक विचारतात, स्वतःच्याच देव्हाऱ्यातला टाक उसना कसा घ्यायचा?

ज्या संस्थांवर असा कायदा नव्हता त्यांनी दिलं. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने 2022 मध्ये 72 वस्तूंची मालकी सोडली, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने 29 परत केल्या.

मग भांडण कुणाचं कुणाशी?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वस्तू 'नायजेरियाला' परत आल्या, म्हणजे नक्की कोणाला? तीन दावेदार होते. देशाचं पुरातत्त्व खातं म्हणे, हा राष्ट्राचा ठेवा. एदो राज्याचे तेव्हाचे निवडून आलेले गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, गॉडविन ओबासेकी यांना भव्य नवं संग्रहालय हवं होतं. आणि ओबा म्हणत होते, माझ्या खापरपणजोबांच्या वाड्यातून नेलेलं माझ्या वाड्यात यायला हवं.

मार्च 2023 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी घोषणा काढून मालकी ओबांची ठरवली. युरोपात काहींना धक्का बसला. आम्ही सर्व जनतेसाठी दिलं आणि ते एका कुटुंबाला कसं गेलं, असं विचारलं गेलं. नवं संग्रहालय आपल्याकडे मूळ पितळ ठेवणार नाही असं सांगत राहिलं, तरी त्याच्या उभारणीसाठी आलेला पैसा बेनिनच्या नावावर आला आणि राजवाडा बाहेर राहिला ही भावना शहरात साचत गेली. नोव्हेंबर 2025 मध्ये ती फुटली.

आता मघाच्या विधी आठवून बघा. एदो माणसाच्या लेखी मस्तक राजाच्या मालमत्तेचा भाग नाही आणि सरकारी ठेवाही नाही. ते वडिलांच्या वेदीवर मुलाने बसवायचं असतं, त्याशिवाय मुलगा पुरता राजा होत नाही. म्हणून मालकी कोणाची हा प्रश्न तिथे वारसा कोणाकडे या प्रश्नात मिसळतो. यात धोका नाही असं नाही. ओबांच्या हाती आल्यावर अभ्यासकांना, शाळेतल्या पोरांना या वस्तू पाहता येतील का, याची लेखी हमी मागणं रास्त आहे, आणि मागणारे बेनिन सिटीतही आहेत.

"सत्ता नसलेल्या राजाला कोण विचारतं?"

नायजेरियाच्या राज्यघटनेत ओबाला राज्यकारभाराचा अधिकार नाही. पण मार्च 2018 मध्ये काय झालं ते सांगतो. एदो राज्यातून हजारो मुली इटली आणि युरोपात देहविक्रयासाठी नेल्या जात. निघण्यापूर्वी मांत्रिकासमोर त्यांना शपथ घालत की कर्ज फेडेपर्यंत पळालीस तर तू किंवा तुझे घरचे मरतील. पोलिसांपेक्षा ही शपथ भारी होती, युरोपातल्या न्यायालयात मुली तोंड उघडत नसत. 9 मार्चला ओबा एवुआरे द्वितीय यांनी पुरोहितांना राजवाड्यात बोलावून जाहीर केलं की या सगळ्या शपथा आजपासून रद्द, आणि यापुढे घालणाऱ्याला शाप. राजदूत म्हणून इटलीत राहिलेल्या माणसाला तिथली परिस्थिती माहीत होती. कायद्याचं पुस्तक हाती नसताना त्याने भीतीची गाठ सोडली, कारण ती गाठ ज्या श्रद्धेच्या दोऱ्याची होती त्याचं टोक त्याच्या हातात होतं.

केंब्रिजच्या जीझस कॉलेजात जेवणाच्या दालनात कित्येक वर्षं पितळेचा एक कोंबडा उभा होता. कॉलेजच्या चिन्हात कोंबडा आहे, म्हणून एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी तो भेट दिला होता. बेनिनमध्ये असा कोंबडा राजमातेच्या वेदीवर बसवतात. विद्यार्थ्यांनीच आवाज उठवला, 2016 मध्ये तो दालनातून हलवला गेला, ऑक्टोबर 2021 मध्ये कॉलेजने तो नायजेरियाच्या स्वाधीन केला. फेब्रुवारी 2022 मध्ये तो बेनिनच्या राजवाड्यात पोचला तेव्हा सरदार पोवळ्याच्या माळा घालून उभे होते, आणि ओबांसाठीचा जुना जयघोष झाला: 'ओबा घा तो क्पेरे!' जमलेल्यांनी उत्तर दिलं, 'इसे!' आपण 'तथास्तु' म्हणतो तसं.